वॉर्ना 1962: बोटविनिक-फिशर डाव आणि एका रात्रीचा गृहपाठ

हा डाव मी पहिल्यांदा पटावर मांडला तेव्हा 51 व्या चालीला थांबलो, कारण काळ्याची चाल मला चुकीची वाटलीच नाही. एक प्यादं वरचढ असलेला काळा खेळाडू आपलं मुक्त प्यादं, म्हणजे ज्याच्या वाटेत शत्रूचं प्यादं उरलेलं नाही असं, एक घर पुढं ढकलतो. मीही तेच केलं असतं. पुढच्याच चालीला पांढऱ्यानं आपलं एच प्यादं, म्हणजे पटाच्या कडेच्या एच स्तंभातलं, सरकवलं आणि जिंकत आलेला डाव हातचा गेला. समोर होता जगज्जेता मिखाईल बोटविनिक आणि प्यादं ढकलणारा होता एकोणीस वर्षांचा बॉबी फिशर. हे नेमकं का घडलं, याचं उत्तर त्या एका चालीत सापडत नाही. त्यासाठी आदल्या रात्रीपर्यंत, आणि त्याही आधी काही वर्षं मागं जावं लागतं.

1962 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये बल्गेरियातल्या वॉर्ना या काळ्या समुद्राकाठच्या शहरात पंधरावं बुद्धिबळ ऑलिम्पियाड भरलं होतं. ऑलिम्पियाड म्हणजे देशांच्या संघांची स्पर्धा. प्रत्येक लढतीत चार पटांवर चार डाव होतात आणि तेव्हा त्यांच्या गुणांची बेरीज संघाच्या खात्यावर जमा व्हायची. त्यामुळं इथं अर्धा गुणही एकट्याचा नसायचा. सोव्हिएत संघात बोटविनिक, पेट्रोसियन, स्पास्की, केरेस, गेलर आणि ताल होते. ही यादी वाचूनच प्रतिस्पर्ध्याची छाती दडपावी. यांतला ताल माजी जगज्जेता होता, आणि पेट्रोसियन व स्पास्की पुढं जगज्जेते झाले. अमेरिकेच्या पहिल्या पटावर फिशर होता.

त्या वर्षी फिशर आणि सोव्हिएत खेळाडू यांच्यात साधं वैर उरलं नव्हतं, जखम होती. वर्षाच्या सुरुवातीला स्टॉकहोमची आंतरविभागीय स्पर्धा, म्हणजे जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरवण्याच्या वाटेवरची पात्रता फेरी, फिशरनं इतरांपेक्षा तब्बल अडीच गुण जास्त मिळवून जिंकली होती. त्यानंतर कुरसाव या कॅरिबियन बेटावरच्या आव्हानवीर स्पर्धेत, जिचा विजेता जगज्जेत्याला आव्हान देतो, मात्र तो चौथा आला. तिथं पेट्रोसियन, केरेस आणि गेलर हे तिघं आपापसातले सगळे, म्हणजे बाराही डाव बरोबरीत सोडवून बसले. ऑगस्टमध्ये फिशरनं एका अमेरिकन क्रीडा साप्ताहिकात लेख लिहून उघड आरोप केला की रशियन खेळाडू संगनमत करतात आणि परक्याला वर येऊ देत नाहीत. तो आरोप हवेत असतानाच, काही आठवड्यांत, तेच तिघं वॉर्नाच्या सभागृहात सोव्हिएत संघात होते. त्यांतलं एक नाव लक्षात ठेवायचं: एफिम गेलर.

बोटविनिक तेव्हा एकावन्न वर्षांचा. विद्युत अभियंता, शिस्तीचा माणूस. बुद्धिबळाची शास्त्रशुद्ध तयारी करायची कशी, हे त्यानंच एका पिढीला शिकवलं. प्रारंभाच्या चाली घरी बसून खोलवर तपासायच्या, वहीत उतरवून ठेवायच्या आणि योग्य वेळ येईपर्यंत झाकून ठेवायच्या, ही त्याची रीत. पांढरी मोहरी त्याच्याकडं होती. फिशरनं ग्रुनफेल्ड बचाव हा काळ्याचा प्रारंभ निवडला आणि त्यातला माजी जगज्जेता स्मिस्लॉव्हचा म्हणून ओळखला जाणारा प्रकार खेळायला घेतला: उंट जी-4 वर, मग राजाच्या बाजूचा घोडा मागं डी-7 वर. (पटाचे स्तंभ ए ते एच आणि ओळी 1 ते 8; ए ते डी ही वजिराची बाजू, ई ते एच राजाची.) बोटविनिकला आतून बरं वाटलं असणार. स्मिस्लॉव्हबरोबरच्या जगज्जेतेपदाच्या सामन्याची तयारी करताना त्यानं हाच प्रकार घरी तपासला होता, आणि ती तयारी अजून वापरायची राहिली होती.

इथून पुढच्या दहाएक चाली दोघांच्या वाट्याला अगदी वेगवेगळ्या आल्या. फिशर पटावर विचार करत होता, बोटविनिक आठवत होता. त्यानं स्वतःच नंतर लिहिलं आहे की तोवर त्याला फक्त घरचं विश्लेषण आठवायचं काम होतं.

सतराव्या चालीची स्थिती जवळून बघू. पांढऱ्याचा वजीर सी-5 वर, पार शत्रूच्या मुलखात. त्याच्यावर डी-7 वरच्या काळ्या घोड्याचा डोळा. पण पांढऱ्याचा उंट ई-3 वर बसलाय आणि तिरप्या रेषेत वजिराला राखतोय. पांढऱ्याचं एक प्यादं एफ-4 वर आहे, त्यालाही तोच उंट राखतोय. काळ्याचा वजीर एफ-6 वर. आता पांढऱ्यानं ई प्यादं पाचव्या घरात ढकललं, थेट काळ्या वजिराच्या अंगावर. कुणीही म्हणेल, वजीर हलवावा लागणार आणि तो हलला की काळ्याची मोहरी अडचणीत येणार.

फिशरनं वजीर हलवला खरा, पण एफ-4 वरचं प्यादं मारत. म्हणजे आपला वजीर त्या उंटाच्या तोंडातच दिला. उंटानं वजीर मारला की तो ई-3 सोडून एफ-4 वर येतो, आणि सी-5 वरच्या पांढऱ्या वजिराला वाली उरत नाही. घोडा त्याला उचलतो. वजिराला वजीर गेला, हिशोब चुकता झाला आणि मध्ये काळ्याला एक प्यादं फुकट मिळालं. उंटानं वजीर मारायचा सोडून पांढऱ्यानं आपल्या वजिरानं बी-6 वरचा घोडा खाल्ला, तर काळा वजीर ई-4 वर येऊन कोपऱ्यातल्या हत्तीवर चाल करतो आणि त्याच वेळी पांढरा वजीर काळ्या प्याद्याच्या तोंडात उभा असतो. एका राखणदारावर दोन राखणी टाकल्या की असं होतं. हे तत्त्व शाळकरी मुलांनाही शिकवतात, पण बोटविनिकच्या त्या वर्षानुवर्षं जपलेल्या विश्लेषणात ही चाल नव्हती.

यात बोटविनिकला कमी लेखायचा माझा हेतू नाही. घरच्या तयारीत सगळ्यात धोक्याची जागा हीच असते. आपण एकदा तपासून 'पांढरा चांगला' असं लिहून ठेवतो आणि पुढं त्या वाक्यावर विश्वास ठेवतो, स्थितीवर नाही. वहीतल्या निष्कर्षाला वय लागत नाही, म्हणून तो पुन्हा तपासावा असं वाटतच नाही. एकोणीस वर्षांच्या मुलानं ते जगज्जेत्याच्या डोळ्यांदेखत, घड्याळ चालू असताना तपासलं.

पुढच्या वीसेक चाली झटपट सांगतो. बोटविनिकनं डी प्यादं सहाव्या घरापर्यंत नेऊन झुंज दिली, 22 व्या चालीला एकदाचा किल्लेकोट केला (राजा आणि हत्तीची एकत्र चाल), पण ते प्यादं अखेर पडलं. मोहरी कमी होत गेली. तिसाव्या चालीच्या आसपास दोघांकडं एकेक हत्ती उरला, पांढऱ्याकडं उंट आणि काळ्याकडं घोडा. प्यादी पांढऱ्याची तीन, काळ्याची चार. काळ्याला वजिराच्या बाजूला दोन प्यादी आणि पांढऱ्याचं तिथं एकच, म्हणजे आज ना उद्या एक मुक्त प्यादं निघणार. फिशरचा घोडा सी-5 वर घट्ट बसला होता. त्याचा राजा मधून पुढं येत जी-5 पर्यंत पोचला. अशा स्थितीत काळ्यानं घाई करायचं काही कारण नसतं. पांढऱ्यानं नुसतं बसून राहावं आणि काळ्यानं एकेक घर सुधारत जावं, एवढंच.

41 व्या चालीला फिशरनं घोडा ई-4 वर आणून शह दिला. उंटानं घोडा मारला, हत्तीनं उंट मारला, आणि पटावर फक्त हत्ती आणि प्यादी राहिली. माझ्या मते डावाचं पहिलं वळण 17 व्या चालीला असेल, तर दुसरं इथं आहे, आणि त्याकडं फार कमी जण बघतात. चालीत चूक अशी काही दिसत नाही. पण हत्तींचे अंत्यडाव एका प्याद्यानं जिंकणं फार कठीण असतं, कारण बचाव करणाऱ्याचा हत्ती मागून, बाजूनं, कुठूनही शह देत राहतो. घोडा असता तर फिशरकडं त्या शहांना आडवं घालायला एक मोहरं जास्त असतं. फिशरला बहुधा डाव सोपा करून जिंकायचा होता. तो सोपा झाला, आणि सोपा झाल्यामुळंच पांढऱ्याला एका रात्रीत त्याचा तळ गाठता आला.

45 चालींच्या सुमारास डाव स्थगित झाला. आजच्या वाचकाला ही पद्धत सांगायला हवी, कारण 1990 च्या दशकात संगणकांनी ती मोडीत काढली. ठरलेला वेळ संपला की ज्याची चाल आहे तो ती पटावर न खेळता कागदावर लिहितो, कागद लिफाफ्यात बंद होतो, लिफाफा पंचांकडं जातो आणि घड्याळं थांबतात. दुसऱ्या दिवशी लिफाफा उघडून डाव पुढं चालू होतो. मधल्या वेळेत कुणीही कितीही विचार करावा, कुणाचीही मदत घ्यावी, नियमाची आडकाठी नसे. सांघिक स्पर्धेत याचा अर्थ असा की रात्री तो डाव एका खेळाडूचा राहत नसे, तो संघाचा होई.

त्या रात्री सोव्हिएत संघ बोटविनिकच्या डावावर बसला. स्थिती वाईट होती. बचावाचा नेहमीचा मार्ग म्हणजे हत्ती काळ्या प्याद्यांसमोर ठेवायचा, आपलं ए प्यादं जपायचं आणि काळ्याला वजिराच्या बाजूला पुढं सरकू द्यायचं नाही. त्यात पांढरा हळूहळू गुदमरतो. मग गेलरनं उलटी कल्पना मांडली. ए प्यादं देऊन टाकायचं. काळ्याला वजिराच्या बाजूला दोन जोडीची मुक्त प्यादी मिळू द्यायची. त्या मोबदल्यात आपला हत्ती सातव्या ओळीत घुसवायचा, राजाच्या बाजूचं एच प्यादं मारायचं आणि काळ्याचं उरलेलं जी प्यादं खिळवून ठेवायचं.

हे वाचताना सोपं वाटतं, पण पटासमोर बसून ही कल्पना सुचणं किती अवघड आहे ते सांगतो. दोन जोडीची मुक्त प्यादी म्हणजे अंत्यडावातलं सोनं. ती एकमेकांना राखत पुढं सरकतात आणि हत्तीसुद्धा त्यांना एकटा थोपवू शकत नाही. लहानपणापासून आपण शिकतो की असं होऊ द्यायचं नाही. गेलरनं नेमकं तेच होऊ दिलं, कारण त्याला दिसलं की ती प्यादी अजून फार मागं आहेत, एक ए-7 वर आणि एक बी-6 वर. ती धावायला लागेपर्यंत पांढऱ्याला राजाच्या बाजूला काम संपवायला वेळ मिळतो. आक्रमक खेळासाठी ओळखल्या जाणाऱ्या गेलरनं हा बचावही आक्रमणाच्या नजरेनंच शोधला, असं मला वाटतं. आणि ज्या तिघांवर फिशरनं संगनमताचा आरोप केला होता त्यांतला हा एक, या वेळी पूर्णपणे नियमात राहून, आपल्या संघातल्या माणसाला मदत करत होता.

दुसऱ्या दिवशी चाली ठरल्याप्रमाणं पडल्या. पांढरा हत्ती एफ-7 वर गेला. काळा हत्ती ए-5 वर आला, ए प्याद्यावर. पांढऱ्यानं एच-7 वरचं प्यादं मारलं, काळ्यानं ए-4 वरचं. पांढऱ्यानं एच प्यादं एक घर ढकलून राजाला शह दिला, मग हत्तीनं आणखी एक शह, आणि काळा राजा ई-5 वर आला. पांढरा हत्ती जी-7 वर बसला, तिथून त्याचा डोळा जी-6 च्या प्याद्यावर आणि बाजूनं ए-7 वरही. काळा हत्ती ए-1 वर गेला, पांढरा राजा एफ-3 वर.

फिशरनं बी प्यादं पाचव्या घरात ढकललं.

आता पट नीट बघा. काळा राजा ई-5 वर, काळं प्यादं बी-5 वर. दोघं एकाच, पाचव्या ओळीत. बोटविनिकनं एच प्यादं एच-5 वर नेलं. जी प्याद्यानं ते मारलं, तर पांढरा हत्ती जी-5 वर येऊन त्याच ओळीतून राजाला शह देतो, राजा बाजूला होतो आणि मागं बी-5 वरचं प्यादं हत्तीच्या तोंडात. जी प्यादं जी-5 वर पुढं पळवलं, तर हत्ती ते तिथंच मारून शह देतो, परिणाम तोच. आणि काहीच केलं नाही तर जी-6 पडतंच. फिशरनं मधे ए-3 वरून एक शह दिला, राजा जी-2 वर गेला, मग प्यादं मारलं. हत्तीचा शह आला, राजा डी-6 वर गेला आणि बी प्यादं गेलं. जोडीच्या मुक्त प्याद्यांची जोडीच फुटली. काळ्याकडं उरली ए आणि एच अशी पटाच्या दोन टोकांची प्यादी. पांढऱ्याच्या हत्तीला आणि एफ प्याद्याला त्यांच्यासमोर टिकणं शक्य होतं. फिशरनं 68 चालींपर्यंत प्रयत्न केला. शेवटी पांढरा राजा जी-1 वर, काळी प्यादी ए-3 आणि एच-3 वर अडकलेली, पांढरं एफ-6 वर, आणि बरोबरी मान्य झाली.

फिशरची चूक नक्की काय झाली? नुसतं 'प्यादं ढकललं' हे उत्तर अपुरं आहे. प्यादं ढकलण्याआधी राजा पाचव्या ओळीतून काढायला हवा होता, डी-4 वर. मग बाजूनं येणाऱ्या शहाला प्यादं बळी पडलं नसतं. फिशरनं रात्री कुणाबरोबर बसून काय तपासलं, हे इथं गृहीत धरणं योग्य नाही. पण पटावरच्या चालींवरून माझं मत असं झालंय की ज्याला आपण जिंकतोय याची खात्री असते तो जिंकण्याच्या चाली तपासतो, आणि ज्याला आपण हरतोय हे दिसत असतं तो समोरच्याच्या सगळ्या चाली तपासतो. त्या रात्री दुसऱ्या प्रकारचं काम सोव्हिएत गोटात झालं. जो माणूस घरच्या तयारीच्या भोकातून प्यादं गमावून बसला होता, त्याला तसल्याच, पण या वेळी संघानं मिळून केलेल्या तयारीनं अर्धा गुण परत दिला.

सोव्हिएत संघानं सुवर्णपदक जिंकलं, युगोस्लाव्हिया दुसरा आला, अर्जेंटिना तिसरा, अमेरिका चौथी. पण या डावाचा वाद तिथं संपला नाही. फिशरनं 1969 साली आपल्या निवडक डावांचं पुस्तक काढलं, त्यात जिंकलेल्या डावांबरोबर हा बरोबरीचा डावही घेतला. बोटविनिकच्या टिपणांसह तो छापला आणि त्या टिपणांशी ठिकठिकाणी भांडण केलं. गेलरची योजना असूनसुद्धा अचूक खेळानं काळा जिंकत होता, असा त्याचा दावा. बोटविनिकला तो मान्य नव्हता. 1970 च्या सुमारास हॉलंडमधल्या लायडन इथं दोघांचा सामना व्हायचं घाटत होतं, ते बोलणं फिसकटलं. त्याच वर्षी बोटविनिकनं स्पर्धांमधून निवृत्ती घेतली. त्यामुळं वॉर्नाचा डाव हा दोघांमधला एकमेव डाव राहिला, आणि भांडण मिटवायला पटाऐवजी कागदच उरला.

पुढं बोटविनिकनं आपल्या बुद्धिबळ शाळेतल्या मुलांपुढं हा अंत्यडाव अभ्यासाला ठेवला. त्या मुलांत पुढं जगज्जेता झालेला गॅरी कास्पारोव्ह होता, तेव्हा तेरा वर्षांचा. फिशरनं जिंकणारी म्हणून दाखवलेल्या वाटेवर त्यानं पांढऱ्यासाठी हत्तीच्या शहांची एक मालिका शोधली, जिच्यातून बरोबरी निघत होती. त्याच्या चौदा वर्षं आधी एका रात्रीत सोव्हिएत खोलीत सुरू झालेलं काम एका शाळकरी मुलाच्या हातून पुढं सरकलं.

ज्यांना स्वतः बघायचं आहे त्यांनी पट काढून ही स्थिती मांडावी. पांढरे: राजा एफ-3, हत्ती जी-7, प्यादी एफ-2 आणि एच-4. काळे: राजा ई-5, हत्ती ए-1, प्यादी ए-7, बी-6 आणि जी-6. चाल काळ्याची. आधी राजा डी-4 वर न्या, पांढऱ्याला जी-6 खाऊ द्या, मग बी प्यादं ढकला, आणि दोन्हीकडची प्यादी धावायला लागली की पांढऱ्याच्या हत्तीला शह कुठून कुठून मिळतात ते एकेक करून वहीत उतरवा. संगणक अर्धा तास तरी बंद ठेवा.